झालेली चूक आणि मिळालेला बोध

पत्र तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मास्तरणीनं ते पालथं घातलं आणि मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही याची खात्री करून घेतली. मागची बाजू कोरी होती. जे काही होतं ते पुढेच होतं, सात ओळींत, आणि खाली वकील परिषदेचा गोल शिक्का.

"काय म्हणतायत?" समोरच्या टेबलावरून कारकुनानं विचारलं. तो फायलींना दोऱ्या बांधत होता आणि पत्रातलं अक्षर न् अक्षर त्याला ठाऊक होतं. ऑफिसात येणारं प्रत्येक पाकीट आधी तोच फोडायचा.

"माझी चूक आवडली त्यांना."

"मी बोललो होतो," कारकून म्हणाला.

तो खरंच बोलला होता. वकिलीची सनद हवी असेल तर नुसता कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करून भागत नाही. त्यानंतर दोन वर्षं एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, रोज काय केलं ते नोंदवहीत लिहायचं आणि खाली वकिलाची सही घ्यायची. त्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता ‘झालेली चूक आणि मिळालेला बोध’. दर तिमाहीला किमान एक चूक सक्तीची. पूर्वी कोणा उमेदवारानं ‘निरंक’ लिहून पाठवलं, तेव्हा वही ‘आत्मपरीक्षणाचा अभाव’ असा शेरा घेऊन परत आली होती. तेव्हापासून कारकुनानं आधीच्या सहा उमेदवारांच्या चुका एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या, आणि नव्या माणसाला तो त्यातून निवडू द्यायचा.

"ही घ्या, तारीख चुकीची टाकल्याची," तो तेव्हा म्हणाला होता. "दोनदा पास झालीय. किंवा ही, नकलेला शिक्का मारायचा राहिला. अगदी निरुपद्रवी."

पण मास्तरणीनं सतरा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रयोग न करताच वहीत बरोबर उत्तर उतरवणारी मुलं ती हस्ताक्षरावरून ओळखायची. दुसऱ्याचं बघून लिहिणं तिला जमेना. मग तिनं स्वतःचं लिहिलं. म्हणजे प्रयोग न करताच, पण स्वतःच्या शब्दांत.

तिनं लिहिलं, की एका वृद्ध अशिलाचं मृत्युपत्र सहीपूर्वी वाचून दाखवताना, साक्षीदारांना घाई असल्यामुळे, तिसरं पान वाचायचं राहिलं. घरी गेल्यावर हे लक्षात येऊन रात्रभर तिला झोप आली नाही. आणि सही ही शाईनं नव्हे, समजुतीनं होते, एवढा बोध तिला मिळाला. प्रकरण क्रमांकाच्या रकान्यात काहीतरी भरणं भाग होतं, म्हणून एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या फायलीचा क्रमांक टाकला. वास्तविक त्यांचं मृत्युपत्र तिनं पहिल्या पानापासून पाचव्यापर्यंत, स्वल्पविरामसुद्धा न गाळता वाचलं होतं. ऑफिसात असं वाचण्याची पद्धत नव्हती. ‘वाचून दाखवले, समजले, कबूल’ ही ओळ मसुद्याच्या नमुन्यात आधीच छापलेली असे, आणि साहेबांच्या, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती होती त्या वकिलांच्या, मते छापलेल्या गोष्टीची पुन्हा मेहनत कशाला. तरी तिनं वाचलं होतं. त्या दिवशी साहेबसुद्धा पेन खाली ठेवून ऐकत राहिले होते.

परिषदेत इतरांच्या चुका कोणी वाचत नसे. तिची वाचली गेली, कारण ती चांगली लिहिली होती.

*

साहेबांनी पत्र हातभर लांब धरून वाचलं. चष्मा समोरच होता, पण तो ते फक्त न्यायालयात लावत.

"उत्तम," ते म्हणाले. "‘उमेदवाराची प्रांजळता उल्लेखनीय’. माझ्या तीस वर्षांत कोणाला उल्लेखनीय म्हटलं नव्हतं. मलाही नाही."

"पुढचं वाचा ना, साहेब."

पुढचं असं होतं, की चूक गंभीर स्वरूपाची असल्याने, ती अशिलास कळवण्यात आली असून तिचं निरसन झालं आहे, असं अशिलाच्या सहीचं निवेदन सनदेच्या मुलाखतीच्या वेळी सादर करावं. मुलाखत पुढच्या गुरुवारी.

"मग घ्या सही. त्यात काय?"

"साहेब, पण अशी चूक झालीच नव्हती."

साहेबांनी पत्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं, ताप आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"बाई, हे बघा. चूक झाली होती म्हणालात, तर तुम्ही प्रांजळ. नव्हती झाली म्हणालात, तर खोटी नोंद केली. खोट्या नोंदीला नियम काय आहे?"

नियम तिला पाठ होता. वही रद्द, उमेदवारी रद्द, पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. पाच वर्षं थांबायचं, मग पुन्हा दोन वर्षं उमेदवारी. सनद हातात येईपर्यंत एक्कावन्न. तोवर शाळेत परत जावं, तर शाळेनं रसायनशास्त्राची तुकडीच बंद केली होती.

"म्हणजे चूक केली असती तर बरं झालं असतं."

"आता कळायला लागलाय तुम्हाला कायदा," साहेब म्हणाले, आणि तिथल्या तिथे निवेदनाचा मजकूर सांगायला लागले. ‘माझे मृत्युपत्र मला पुन्हा वाचून दाखवण्यात आले. ते माझ्या इच्छेप्रमाणेच असून त्यात कोणताही बदल करण्याची गरज नाही.’ तिनं तो उतरवून घेतला. सांगितलेलं उतरवून घेण्यात दोन वर्षांत तिचा हात चांगलाच बसला होता.

घरी मुलगी बारावीच्या पुस्तकांत डोकं घालून बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तू कॉपी केली असतीस तर पास झाली असतीस."

"हो."

"आणि माझ्याशी आठवीत प्रयोगवहीवरून तीन दिवस बोलत नव्हतीस."

"चार," मास्तरीण म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. त्या दिवशी भांडी घासायची पाळी मुलीची होती. मुलीनं ते लक्षात आणून दिलं नाही.

*

घड्याळजींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काचेच्या कपाटात बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी; चालू घड्याळ एकच, आणि ते भिंतीवर इतक्या उंचावर, की बघायला मान वर करावी लागे. खिडकीजवळच्या बाकावर त्यांची सून डोळ्याला भिंग लावून बसली होती. चिमट्यात धरलेलं चाक जागेवर बसेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मग भिंग कपाळावर सरकवलं.

"बाबा, वकीलबाई आल्यात."

"अजून वकील नाही हो," मास्तरीण म्हणाली.

"व्हाल, व्हाल," म्हातारे आतून बाहेर येत म्हणाले. मृत्युपत्र झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांचे हात जास्त थरथरायला लागले होते. बसताना ते दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून बसले. "आमची ही सहा वर्षं उमेदवारी करतेय. मुलगा गेला, त्याच्या दुसऱ्या महिन्यात बाकावर बसली. माझे हात गेले तेव्हा हिचे तयार झाले होते. आता गिऱ्हाईक मला विचारतं, तुमच्या मॅडम आहेत का."

"उगाच काहीतरी," सून म्हणाली.

"हिला म्हटलं वही ठेव, काय काय बिघडवलंस ते लिही. म्हणते, बिघडवलेलं घड्याळ समोर टिकटिक करत नसतं, तेवढं पुरे."

मास्तरणीनं पिशवीतून निवेदन काढलं. कसं बोलायचं ते तिनं वाटेत जुळवून ठेवलं होतं. तिनं थोडक्यात सांगितलं, की तिला सनद मिळायची आहे, त्यासाठी परिषदेला त्यांच्या सहीचा एक कागद हवाय. नुसता उपचार आहे.

"मिळणार ना मग सनद?"

"मिळेल."

"द्या की मग. कुठे करायची?"

तिनं बोट ठेवलं. म्हाताऱ्यांनी उजवा हात गुडघ्याखालून काढला, डाव्यानं त्याचं मनगट धरलं आणि पेन कागदाकडे न्यायला लागले. कागदावर काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांची नजर फक्त तिच्या बोटाकडे होती.

तिनं बोट उचललं नाही.

"बाबा, एक मिनिट," ती म्हणाली. ‘बाबा’ कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. "त्या दिवशी मी वाचलं होतं ना तुमच्यासमोर?"

"वाचलंत की. किती छान वाचलंत."

"काय होतं त्यात? तुमच्या शब्दांत सांगा."

हा प्रश्न वर्गात ती दिवसातून वीस वेळा विचारायची. ऑफिसात दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. म्हाताऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते जरासे ओशाळले.

"आता खरं सांगू का? तुम्ही वाचत होतात ते रेडिओवर वाचतात तसं वाटत होतं. शब्द मोठे होते. मध्ये एकदा वाटलं, थांबवावं, विचारावं. पण तुम्ही इतक्या रंगून वाचत होतात. सगळे ऐकत होते. बरं नसतं दिसलं." मग तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "पण मतलब मला ठाऊक आहे हो. मीच सांगितलं होतं ना. घर हिला. हिनं राहावं, विकावं, हिच्या आईच्या गावाला जाऊन दुकान टाकावं. कोणी विचारायचं नाही."

सुनेनं भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं आणि बाकाकडे वळली. चिमटा मात्र तिनं उचलला नाही.

मृत्युपत्राची नक्कल मास्तरणीच्या पिशवीतच होती. तिनं ती काढून तिसरं पान उलगडलं. तिथे लिहिलं होतं, की सदर घरात मयत मुलाच्या विधवेस तिच्या हयातीपुरता राहण्याचा हक्क असेल, घर विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार तिला नसेल, आणि तिच्या पश्चात घर पुतण्याकडे जाईल. साहेबांच्या नमुन्यात विधवा सुनेला हेच मिळत असे. जवळचे नातेवाईक कोण, असं त्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं. म्हाताऱ्यांनी भोळेपणानं पुतण्याचं नाव सांगितलं होतं. नमुन्यातली रिकामी जागा भरली गेली होती. आणि मास्तरणीनं तो परिच्छेद, आठवतंय तसं, विशेष स्पष्ट वाचला होता. ‘हयातीपुरता’ या शब्दावर ती किंचित थांबलीसुद्धा होती, वाक्याला वजन यावं म्हणून.

तिनं तो परिच्छेद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला.

"काय झालं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते यात नाही."

"मग काय आहे?"

"सांगते. ह्यांनी इथेच थांबलं तर चालेल ना?"

"तिच्याबद्दलच आहे. तिच्यासमोरच सांगा."

ती सांगायला लागली. या वेळी वाचलं नाही. एक वाक्य बघायचं, कागद खाली ठेवायचा, सांगायचं, आणि मग म्हाताऱ्यांना विचारायचं, काय समजलं. पहिल्या परिच्छेदालाच चार वेळा थांबावं लागलं. दुकानात एक गिऱ्हाईक पट्टा बदलून घ्यायला आलं, गेलं. पुतण्याचं नाव आलं तेव्हा म्हातारे म्हणाले, "त्याला? त्याला घड्याळ कुठल्या हातात बांधतात ते कळत नाही." साहेबांचं निवेदन बाकाच्या कोपऱ्यावर पडून होतं. निघताना मास्तरणीनं ते घडी घालून पिशवीत टाकलं. सहीची जागा कोरी होती.

*

"तुम्ही सही घेऊन यायला गेला होतात," साहेब म्हणाले, "आणि काम घेऊन आलात."

"मृत्युपत्र बदलायला हवं, साहेब."

"बदलू की. मी नाही कुठे म्हटलं? गुरुवारी तुमची सनद होऊ दे, शुक्रवारी बदलू."

"पण निवेदनात बदलाची गरज नाही म्हटलंय."

"गुरुवारी नाहीच आहे गरज. शुक्रवारी पडेल."

ते चिडले नव्हते. त्यांना ती मनापासून आवडत होती; तिच्या सनदेच्या दिवशी दारावरच्या पाटीत खाली तिचं नाव घालायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं आणि पाटीवाल्याला मापही दिलं होतं. तेही त्यांनी आत्ता सांगितलं.

मास्तरणीनं त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. नोंदवहीच्या शेवटच्या पानासाठी केलेली नवी नोंद होती. तिसरं पान गाळल्याची आधीची नोंद खोटी आहे. पान वाचलं होतं. अशिलाला काय समजलं ते विचारलं नव्हतं. मृत्युपत्र अशिलाच्या इच्छेविरुद्ध झालं आहे. बोधाची जागा तिनं रिकामी सोडली होती.

साहेबांनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं आणि सहीची जागा शोधायला लागले.

"वाचा, साहेब," ती म्हणाली.

दोन वर्षांत त्यांनी तिच्या नोंदवहीवर साडेचारशे सह्या केल्या होत्या, त्यातली एकही नोंद वाचली नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. कारकुनानं दोऱ्या बांधायचं थांबवलं.

"यावर मी सही करणार नाही," साहेब म्हणाले. "नमुना माझा आहे. त्या नमुन्यावर आजवर किती मृत्युपत्रं झालीत, माहितीय?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वाचायला सांगितलं नसतंत तर झाली असती सही."

"हो. म्हणूनच सांगितलं."

ती गेल्यावर ते चष्मा न काढता बसून राहिले. मग कारकुनाला हाक मारून त्यांनी मृत्युपत्रांचं कपाट उघडायला सांगितलं. कुठल्या सालापासून काढू, असं कारकुनानं विचारलं.

*

मुलाखतीच्या समितीत तिघे होते. मध्यभागी अध्यक्षबाई, त्यांच्या एका बाजूला टिपणं घेणारे गृहस्थ, आणि दुसऱ्या बाजूला एक फार वृद्ध सभासद, जे डोळे मिटून बसले होते. समितीत त्यांना ज्येष्ठतेमुळे घेतलं होतं आणि ज्येष्ठतेमुळेच कोणी जागं करत नव्हतं.

"निवेदन आणलंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. ही नोंद आणलीय. हिच्यावर सही नाही. अशिलाची हरकत नाही, त्यांना विचारूनच आलेय."

अध्यक्षबाईंनी कागद वाचला आणि टिपणं घेणाऱ्या गृहस्थांकडे सरकवला. त्यांनी वाचून परत सरकवला. आधीची, शिक्क्याची, प्रांजळ नोंद शेजारीच पडली होती.

"म्हणजे ही खोटी."

"हो."

"खोट्या नोंदीचा नियम ठाऊक आहे?"

"आहे."

"वाचलं होतंत तर मग लिहिलंत कशाला, नाही वाचलं म्हणून?"

"चूक लिहायला हवी होती. मला माझी चूक दिसत नव्हती."

टिपणं घेणाऱ्या गृहस्थांनी पेन उचललं आणि काय लिहावं ते न कळून पुन्हा ठेवलं. अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, मग पुन्हा वेगळे केले.

"पहिल्यांदा वाचायला किती वेळ लागला होता?"

"अकरा मिनिटं."

"आणि परवा?"

"दुपार गेली."

"मग झालं का नवीन मृत्युपत्र?"

"कच्चा मसुदा झालाय. मजकूर त्यांचाच, मी फक्त लिहून घेतलाय. पक्कं करायला दुसरे वकील बघून दिलेत त्यांना; मला तो अधिकार नाही." ती थांबली. "एका ठिकाणी अडलंय. आधीच्यात ‘मयत मुलाची विधवा’ असं होतं. ते काढा म्हणतात. तिथे तिचं नाव घाला, आणि नावापुढे ‘घड्याळजी’ लिहा. दुसरं काही लिहायचं नाही म्हणतात."

वृद्ध सभासदांनी डोळे उघडले. ते झोपले नव्हते, किंवा आत्ताच जागे झाले होते. दोन्हींत फरक सांगणं कठीण होतं.

"चालतं का तसं?" त्यांनी विचारलं. "नातं न लिहिता?"

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे. सकाळपासून त्या खोलीत कायद्याचा प्रश्न हा पहिलाच विचारला गेला होता.

"चालतं," मास्तरीण म्हणाली. "ती कोण हे नक्की कळलं म्हणजे पुरतं. नातं लिहायलाच हवं असं नाही."

वृद्ध सभासदांनी मान हलवली. मग समोरचा कोरा कागद आणि टिपणं घेणाऱ्या गृहस्थांचं पेन त्यांनी ओढून घेतलं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "सावकाश."